शाळेसाठी स्वस्त लॅपटॉप घेताय? आधी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची लढाई बघा, मग कोटेशन मागवा

गावातल्या शाळेला दहा-वीस लॅपटॉप द्यायचे असं ठरलं की सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच, कितीला पडतो? माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असो, शाळा व्यवस्थापन समिती असो नाहीतर कंपनीचा सीएसआरवाला असो, सगळीकडे तेच. मग दोन-तीन विक्रेते येतात, मस्त डेमो देतात, ज्याचा आकडा कमी त्याला ऑर्डर जाते आणि दोन वर्षांनी ते लॅपटॉप कपाटात. मला मनापासून वाटतं की हे टाळता येतं. विक्रेत्यांची चढाओढ गिऱ्हाइकाच्या फायद्याचीच असते, पण आपल्याला काय हवंय ते डेमोच्या आधी आपण कागदावर लिहून ठेवलेलं असेल तरच. नाहीतर त्यांच्याकडे जे आहे तेच तुम्हाला हवं होतं असं ते पटवून जातात. आणि यात अख्खे देश फसलेत, म्हणून आधी थोडा इतिहास सांगते, कंटाळा करू नका, पुढची सगळी पावलं त्यातूनच येतात.

२००५ च्या जानेवारीत दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, गरीब देशातल्या प्रत्येक मुलाला एक. संस्थेचं नावच वन लॅपटॉप पर चाइल्ड, म्हणजे ओएलपीसी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासोबत नमुना दाखवला, त्याला चार्जिंगसाठी हाताने फिरवायचा दांडा होता. मशीनचं नाव पुढे एक्सओ झालं. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये ते कारखान्यात मोठ्या संख्येने बनायला लागलं तेव्हा किंमत होती साधारण १८८ डॉलर, आणि तो दांडा मशीनवरून गेलेला होता. सुरुवातीला अट अशी की एका देशाने किमान दहा लाखांची ऑर्डर द्यायची, ही अट नंतर खाली आणावी लागली.

इकडे प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलला हे रुचणं शक्य नव्हतं कारण एक्सओमध्ये प्रोसेसर त्यांच्या स्पर्धक एएमडीचा आणि सॉफ्टवेअर लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं फुकट सॉफ्टवेअर. इंटेलचे तेव्हाचे चेअरमन क्रेग बॅरेट यांनी त्याला शंभर डॉलरचं गॅजेट म्हणून उडवून लावलं, आणि २००६ मध्ये इंटेलने स्वतःचा क्लासमेट पीसी आणला, विंडोज किंवा लिनक्स दोन्हीवर चालणारा. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये विद्यार्थ्यांच्या कॉम्प्युटरसाठी सरकारांना विंडोज आणि ऑफिसचा संच तीन डॉलरला द्यायची घोषणा केली. मग जगभर एकाच शिक्षणमंत्र्याच्या दारात दोन्हीकडचे लोक. नायजेरियाच्या अबुजामध्ये तर एका शाळेत एक्सओचा प्रयोग आणि दुसऱ्या शाळेत क्लासमेटचा. लिबियाने २००६ मध्ये बारा लाख एक्सओ घ्यायचं कबूल केलं आणि पुढच्या वर्षी दीड लाख क्लासमेट घेतले. जुलै २००७ मध्ये इंटेल ओएलपीसीच्या बोर्डावर जाऊन बसली, सगळ्यांना वाटलं मिटलं, पण जानेवारी २००८ मध्ये बाहेरही पडली. इंटेल म्हणाली आम्हाला क्लासमेट बंद करायला सांगत होते, ओएलपीसी म्हणाली तुमचे विक्रीवाले ठिकठिकाणी आमच्या मशीनला नावं ठेवत फिरतात.

या भांडणात वाईट कोण हे ठरवत बसण्यात मला रस नाही. भांडणाने भाव खाली आले हे खरंय, आसूसचा ई पीसी आणि नंतरचे सगळे छोटे नेटबुक त्याच काळात आले. पण घेणाऱ्या देशांत ज्यांनी स्वतःचा विचार केला त्यांना फायदा झाला आणि ज्यांनी नुसते हात मिळवले त्यांच्या हातात फोटो राहिले. आता आपल्या शाळेकडे येऊ.

सगळ्यात आधी एक पान घ्या आणि मुलं या मशीनवर नक्की काय करणार ते लिहा. "डिजिटल शिक्षण" असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. लिहायचं तर असं, पाचवी ते सातवी, आठवड्याला तीन तास, मराठी टायपिंग, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं स्क्रॅच, गणिताला आकृत्या-आलेख काढायचं जिओजेब्रा, ई-बालभारतीची पुस्तकं. किंवा असं, चौथीपर्यंतची मुलं, जोडीने एक मशीन, चित्र काढणं, वाचणं, आवाज रेकॉर्ड करणं. एक्सओ आणि क्लासमेटमधला खरा फरक हाच होता, किमतीचा नव्हता. एक्सओच्या मागे एमआयटीचे शिक्षणतज्ज्ञ सेमूर पेपर्ट यांचा विचार होता की मूल स्वतः करून, बिघडवून, शोधून शिकतं, म्हणून त्यात शुगर नावाचा वेगळाच इंटरफेस, फोल्डर-बिल्डर काही नाही, आणि मशीन मुलाच्या मालकीचं. क्लासमेटमध्ये उलट, शिक्षकाला सगळ्या मुलांचे स्क्रीन आपल्या मशीनवरून बघता येतील असं वर्ग सांभाळायचं सॉफ्टवेअर. दोन्ही बरोबर असू शकतात, पण तुमच्या शाळेतले गुरुजी-बाई कसं शिकवतात यावर ते ठरतं, आणि ते विक्रेत्याला माहीत नसतं. म्हणून हे पान लिहिताना शिक्षक समोर हवेतच, नुसते अध्यक्ष आणि देणगीदार बसून लिहिलेलं पान फाडून टाका.

दुसरं पान खर्चाचं. इथे उरुग्वेकडून शिकण्यासारखं खूप आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस यांच्या काळात मे २००७ मध्ये व्हिला कार्दाल नावाच्या लहानशा गावात प्रयोग सुरू झाला, मग रीतसर निविदा काढली, एक्सओ आणि क्लासमेट दोन्ही रिंगणात, एक्सओ जिंकला, आणि ऑक्टोबर २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप होता, ३ लाख ६२ हजार मुलं आणि १८ हजार शिक्षक. योजनेचं नाव प्लान सेइबाल. आता आकडा नीट बघा, त्यांनी जो खर्च सांगितला तो एका मुलामागे २६० डॉलर, मशीनची किंमत नव्हे, त्यात दुरुस्ती, शिक्षकांचं प्रशिक्षण, इंटरनेट सगळं धरलेलं. आणि पुढे दरवर्षी एका मुलामागे २१ डॉलर चालवायला. म्हणजे हे लोक हिशोब करताना मशीन आणि मशीनभोवतीचं सगळं असा एकच आकडा मांडत होते. शिवाय काम एखाद्या कंपनीच्या हातात न सोपवता देशातल्या तांत्रिक प्रयोगशाळेकडे दिलं, त्यामुळे मशीन बंद पडलं तर कुणाला विचारायचं हे मुलाच्या आईलाही माहीत.

आपल्या बजेटमध्ये हेच करा. एक लॅपटॉप समजा १८,००० चा असेल आणि हातात साडेतीन लाख असतील तर वीस लॅपटॉप येत नाहीत, तेरा-चौदा येतात. उरलेल्यात वायरिंग, चार्जिंगचं कुलूपबंद कपाट, एक-दोन जादा चार्जर, तीन वर्षांनी बॅटऱ्या बदलायला बाजूला ठेवलेली रक्कम, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दोन-तीन दिवस आणि तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याशी वर्षाचा करार. देणगीदाराला वीसचा आकडा आवडतो, फोटोत वीस छान दिसतात, पण चौदा चालू मशिन्स वीस बंद मशिन्सपेक्षा कधीही बरी, आणि हे देणगीदाराला तोंडावर सांगायला लाजू नका.

वायरिंगचं मी मुद्दाम वेगळं सांगते कारण तिथे सगळे ढिलाई करतात. साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ किंवा ६५ वॅटचा असतो. वीस चार्जर गुणिले ६५ म्हणजे १,३०० वॅट. भिंतीवरचं साधं सॉकेट ६ अँपिअरचं, २३० व्होल्टला त्याची मर्यादाच १,३८० वॅट, आणि त्यावर तुम्ही एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडून वीस चार्जर लावणार, वर त्याच लाइनवर पंखे! वायर गरम होणारच. वायरमनला बोलावून चार्जिंगसाठी वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग करून घ्या, दोन पाळ्यांत चार्ज करा. लोडशेडिंग असेल तर इन्व्हर्टरवर सगळी मशिन्स चार्ज करायचा हट्ट नको, लॅपटॉपचीच बॅटरी अशी घ्या की शाळेचे तास निघतील.

मशीन बघताना काय बघायचं. एक्सओ आज बाजारात नाही आणि त्याचा ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आज कुणाच्या उपयोगाचीही नाही, पण तो मुलांसाठी किती विचार करून बनवलेला होता हे आजही शिकण्यासारखं आहे. कीबोर्ड एकसंध रबराचा, वरून पाणी सांडलं तरी आत जात नाही. वाय-फायचे दोन हिरवे कान, मिटले की तेच बाजूच्या यूएसबीच्या भोकांवर झाकण होतात, धूळ आत जायला जागा नाही. मेरी लू जेप्सेन यांनी केलेला स्क्रीन असा की मागचा लाइट बंद केला तरी भर उन्हात काळ्या-पांढऱ्यात स्पष्ट वाचता येतो. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, वर धरायची जी मूठ आहे तिच्या आत जादाचे स्क्रू ठेवलेले, कारण गावात मशीन उघडलं की एखादा स्क्रू हरवणारच हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं होतं.

तर तुमच्या समोर जो लॅपटॉप ठेवलाय त्याच्याबद्दल हेच विचारा. मागचं झाकण साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतं का? बॅटरी बदलता येते का, नवी बॅटरी जिल्ह्याच्या गावात मिळते का आणि केवढ्याला? कीबोर्ड बिघडला तर फक्त कीबोर्ड मिळतो की वरचं अख्खं पॅनल घ्यावं लागतं? रॅम वाढवता येते की बोर्डवरच चिकटवलेली? स्क्रीन बघायला मशीन व्हरांड्यात दुपारी न्या, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन छान दिसतात. मॅट स्क्रीन घ्या, चकचकीत नको, उजेडात त्यात आपलंच तोंड दिसतं.

स्टोरेजचा एक सापळा आहे. अगदी स्वस्त विंडोज लॅपटॉपात ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे स्वस्तातलं, हळू चालणारं स्टोरेज असतं, विंडोज ११ ची किमान अट तेवढीच आहे म्हणून विक्रेता "चालतं" म्हणतो आणि ते चालू होतंही, पण थोडे अपडेट आले की जागा संपते आणि मशीन रडतखडत चालतं. ८ जीबी रॅम आणि खरी एसएसडी, म्हणजे वेगवान स्टोरेज, परवडत नसेल तर त्या मशीनवर विंडोजचा आग्रह सोडा, लिनक्स टाका. क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, घेणार असाल तर प्रत्येक मॉडेलची अपडेट कधी बंद होणार ती तारीख ठरलेली असते, ती आधी बघा, जुना पडलेला स्टॉक स्वस्तात देणारे भेटतात. आणि क्रोमबुकची खरी मजा इंटरनेटवर, तेव्हा शाळेत रेंजच नसेल तर विचार करा.

नवीनच हवा असं काही नाही. कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूडसारखे ऑफिसातले लॅपटॉप नव्या स्वस्त मशीनपेक्षा मजबूत असतात, सुटे भाग मिळतात, उघडायला सोपे. फक्त दोन गोष्टी तपासा. विंडोज ११ हवं असेल तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय. आणि बॅटरी रिपोर्ट काढून बघा, त्यात मूळ क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे येतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवीन बॅटरी टाकूनच द्या म्हणायचं.

आता चाचणी, आणि इथे आपल्या देशाची गोष्ट. भारत सरकारने २००६ मध्ये ओएलपीसीला नकार दिला होता, आणि मग आपलाच स्वस्त पर्याय काढायचा म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये आकाश टॅबलेट आला, डेटाविंड कंपनीकडून २,२७६ रुपयांना घेतलेला. जगात बातमी झाली. पण ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, जोरात दाबावा लागणारा स्क्रीन, बॅटरी लगेच उतरायची, तक्रारींचा ढीग लागला. आणि मुख्य म्हणजे मशीनने कोणत्या चाचण्या पास व्हायला हव्यात, किती उंचीवरून पडून टिकायला हवं, किती पाऊस सोसायला हवा, यावर आयआयटी राजस्थान आणि कंपनी यांच्यात वाद पेटला, म्हणजे ऑर्डर होऊन, माल यायला लागल्यावर. नंतर काम आयआयटी मुंबईकडे आलं, प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने, आणि आकाश २ पुष्कळ सुधारलेला निघाला, पण तोवर लोकांचा विश्वास उडालेला होता याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून चाचणी कशी घेणार ते ऑर्डरच्या आधी लिहून विक्रेत्याची सही घ्या. मोठं काही नको. एक मशीन आठवडाभर शाळेत ठेवा म्हणावं. रोज पूर्ण चार्ज करून ब्राइटनेस पूर्ण ठेवून व्हिडिओ लावा आणि किती तास टिकतं ते घड्याळ लावून लिहा, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. मुलांना वापरू द्या, मोठ्यांना नाही, मुलं एका तासात मशीनचे दुबळे सांधे शोधून काढतात. झाकणाची बिजागरी शंभरेक वेळा उघडून-मिटून बघा, स्वस्त लॅपटॉप सगळ्यात आधी तिथेच तुटतो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कळमांडणी) चालू करून सहावीच्या मुलीला चार ओळी टाइप करायला सांगा, "ज्ञानेश्वर" आणि "कृषी" नीट उमटतंय का बघा.

कंटेंट आणि शिक्षक या भागावर मी सगळ्यात जास्त जोर देईन कारण पेरूचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. पेरूने २००८ पासून आठ लाखांच्या वर एक्सओ घेतले, जगात कुणीच एवढे घेतले नाहीत. मग इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास केला, काहींना लॅपटॉप मिळालेले, काहींना नाही. २०१२ मध्ये निष्कर्ष आले, गणित आणि भाषेत काही फरक नाही. विचार करण्याच्या सर्वसाधारण क्षमतेत थोडा चांगला परिणाम दिसला, तो नाकारायचा नाही, पण ज्यासाठी एवढं केलं ते झालं नाही. मशीनमध्ये दोनेकशे पुस्तकं भरून दिलेली होती तरी. इंटरनेट जवळपास नाहीच, आणि रोजच्या धड्यात हे मशीन कुठे बसवायचं हे शिक्षकांना कुणी नीट दाखवलंच नव्हतं.

तर मशीन यायच्या महिनाभर आधी दोन मशीन फक्त शिक्षकांना द्या, घरी न्यायला. त्यांनी आपल्या विषयाचे चार-पाच पाठ त्यावर बसवून बघू देत. मगच मुलांची मशीन येऊ देत. इंटरनेट नसेल असं गृहीत धरून सगळं ऑफलाइन भरा, इंटरनेटशिवाय साइट वाचायच्या किविक्स अ‍ॅपवर मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, कोलिब्री हे ऑफलाइन धड्यांचं सॉफ्टवेअर एका मशीनवर टाकून बाकीच्यांना वाय-फायने जोडता येतं, स्क्रॅच आणि जिओजेब्रा ऑफलाइन चालतात, बालभारतीची पुस्तकं पीडीएफ आहेतच. इंटरनेट असेल तर फिल्टर पहिल्या दिवसापासून लावा, नायजेरियात एक्सओवर मुलं नको त्या साइटवर गेली आणि २००७ मध्ये त्याची जगभर बातमी झाली, मग फिल्टर बसवले.

घरी नेऊ द्यायचे का यावर प्रत्येक गावात वाद होतो. पेरूत कित्येक मुलांना मशीन घरी नेताच आलं नाही, हरवलं-फुटलं तर भरून द्यावं लागेल ही पालकांची धास्ती. माझं मत, नेऊ द्या, निदान शनिवार-रविवार, पण आधी पालकसभेत ठराव करून इतिवृत्तात लिहा की चुकून फुटलं तर पालकांकडून पैसे घेणार नाही. मशीन डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) आहे म्हणून मुख्याध्यापक घाबरतात, त्यांची भीती खोटी नाही, जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडते, तेव्हा ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांनाही द्या.

आणि सुरुवात लहान करा. एक्सओचा भारतातला पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात खैराटला झाला, २००७ च्या शेवटी, एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत, विशीच्या आसपास मुलं. एवढ्या लहान शाळेत काय चालतं, काय अडतं ते शिक्षकाला आणि बघणाऱ्याला रोज दिसतं. एका वर्गाला आधी द्या, एक सत्र जाऊ द्या, मग पुढची ऑर्डर.

कोटेशन मागवताना तीन जणांना तुमची तीच दोन पानं द्या आणि उत्तर त्याच क्रमाने मागा. किमतीत जीएसटी, पोच, इन्स्टॉलेशन धरलंय का, वॉरंटी शाळेत येऊन आहे की मशीन कुरियरने पाठवायचं, बॅटरीला वेगळी वॉरंटी किती, दुरुस्तीला किती दिवस, तोवर बदली मशीन देणार का. तोंडी काही चालवून घेऊ नका. एक विक्रेता दुसऱ्याबद्दल वाईट सांगायला लागला तर ऐकून घ्या, पण तो जो दोष सांगतोय तो त्याच्याही मशीनमध्ये आहे का ते लगेच तिथेच तपासा, एवढ्यानेच अर्धी बडबड थांबते. फुकट मिळतंय म्हणून कुणाचं सॉफ्टवेअर घेऊ नका, पुढच्या वर्षी लायसन्सचे पैसे मागणार का ते लेखी घ्या.

पैसे देताना दहा टक्के रक्कम महिनाभर मागे ठेवायची हे ऑर्डरमध्येच लिहा. माल आला की खोकी फोडताना दोन माणसं बसवा, एक सिरियल नंबर वाचेल, दुसरा बिलाशी ताडून रजिस्टरला चढवेल, प्रत्येक मशीन चालू करून रॅम आणि स्टोरेज किती दाखवतंय ते ऑर्डरशी जुळवा, नमुन्याचं मशीन एक आणि आलेला माल दुसरा असं होतं. प्रत्येक मशीनवर ऑइल पेंटने नंबर घाला, चार्जरवरही तोच नंबर, कारण लॅपटॉप सांभाळले जातात आणि चार्जर एकमेकांत जातात.